मशीनचं तोंड

आनंदाबाई कारखान्यात यायला तयार झाल्या, याचंच आधी घरात सगळ्यांना नवल वाटलं. सून वर्षाली जाम गावच्या चौकाजवळच्या त्या प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर लागून तीन वर्षं होत आली होती, पण सासूबाईंनी त्या बाजूला कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. एसटीनं नागपूरला जाताना कारखान्याची निळी पत्र्याची शेड खिडकीतून दिसायची, तेव्हाही त्या मुद्दाम पलीकडच्या खिडकीतलं सोयाबीन बघत बसायच्या. सुनेनं शिवणकाम करावं, अंगणवाडीत लागावं, एवढंच काय, गिट्टीखदानीवर चहाची टपरी टाकावी, त्यांची हरकत नव्हती. मशीन मात्र नको.

“मशीनले काई डोळे असतात का वो?” त्या म्हणायच्या. “समोर कोन उभं हाय थे तिले थोडंच दिसते!”

वर्षाली हसून सोडून द्यायची. सासूबाई रागावतात असंच तिला वाटायचं. त्या भितात, हे काही तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

पण यंदा खंडेनवमीच्या आधी मालक भैय्याजींनी स्वतः फोन केला. कारखान्याची रीतच तशी होती. नवमीला सगळ्या मशिनी बंद ठेवून धुवायच्या, पुसायच्या, हार घालायचे, आणि ज्याच्या हाताखाली जी मशीन, त्याच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईनं तिला हळदीकुंकू लावून ओवाळायचं. ओवाळून झालं की भैय्याजी हिरवं बटन दाबणार, मशीनच्या तोंडातून प्लास्टिकचा मुहूर्ताचा पहिला दोरा निघणार, आणि तो देवीच्या फोटोपुढे ठेवायचा. मोठ्या मिक्सरचा मान यंदा वर्षालीच्या घराला आला होता. मालकानं “माताजी, आप को आनाच पडेगा” म्हटल्यावर आनंदाबाई विरघळल्या. सासरे तानबा आणि नवरा सचिन सोयाबीनच्या मळणीत अडकलेले होते. म्हणून सासूसुना दोघीच निघाल्या. आनंदाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि ऑटोत बसल्यापासून त्या पदर सारखा करत होत्या.

कारखाना तसा गमतीचाच होता. शेतकऱ्यांच्या फाटक्यातुटक्या ठिबकच्या नळ्या गाड्या भरभरून यायच्या, धुऊन त्यांचा चुरा व्हायचा. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, जी आजवर चुलीत जायची नाहीतर बांधावर पेटायची, तिचं इथं दळून पीठ व्हायचं. त्यात मक्याचा स्टार्च. हे सगळं मोठ्या मिक्सरमध्ये पडायचं. आत दोन जाडजूड लोखंडी पाती फिरत राहायची आणि कणीक तिंबावी तसं ते सगळं तापवून, रगडून एकजीव करायची. खाली एक लांब नळकांडं होतं, त्यातला स्क्रू तो गोळा पुढे रेटायचा, आणि शेवटी लोखंडी तबकडीच्या भोकांतून तपकिरी दोरे बाहेर यायचे. त्या तबकडीला सगळे तोंड म्हणायचे. दोरे पाण्याच्या हौदातून जाऊन पुढे बारीक दाण्यांत कापले जायचे, आणि त्या दाण्यांपासून रोपवाटिकेचे ट्रे बनायचे.

या मशीनचा एक स्वभाव होता. तिला थांबणं सोसायचं नाही. एका बाजूनं माल पडत राहिला आणि दुसऱ्या बाजूनं निघत राहिला, की ती गाय. मधेच थांबवली, आणि आत पीठ अन् स्टार्च गरमच राहिलं, तर ते करपायचं. करपताना वाफ आणि धूर सोडायचं, आणि धुराला बाहेर पडायला वाट हवी असते. म्हणून मशीन बंद करण्याआधी साधे, बिनपिठाचे दाणे टाकून आतलं सगळं बाहेर काढायचं, हा पहिल्या दिवसापासूनचा नेम होता. वर्षालीनं तो एकदाही मोडला नव्हता.

आदल्या संध्याकाळी मात्र माल चालू असतानाच विजेची लाइन गेली. ती काही केल्या येईना. आतला माल आत राहिला आणि थंड होऊन दगड झाला. इंजिनीयर अभिराम वर्ध्याहून येणारा शांत, सावध मुलगा. तो म्हणाला, काही बिघडत नाही, सकाळी लवकर येऊन मशीन हळूहळू तापवू, साध्या दाण्यांनी आतलं काढून टाकू, मग पूजा. बेत चोख होता. पण सकाळी गुरुजीच ठरल्या वेळेच्या खूप आधी येऊन थडकले. त्यांना पुढे आणखी दोन ठिकाणी पूजा होत्या आणि ते उभ्यानंच घाई करत होते.

“पहले पूजा हो जाने दो,” भैय्याजी म्हणाले. “अंदरचा माल मुहूर्ताले निघंनच नं.”

अभिरामनं क्षणभर विचार केला. मशीन तापायला लागली होती, तोंडही तापत होतं. तोंड गरम असलं म्हणजे आतल्या वाफेला वाट होती. पूजा आटोपायला असा किती वेळ लागणार? तो बरं म्हणाला. त्याच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी बरंच म्हणालं असतं.

त्यात आनंदाबाईंचं बोट भाजलं.

त्यांनी कुंकवात बोट बुडवून मशीनच्या तोंडावर टेकवलं आणि “आई गं” करून मागे सरल्या. फिटर श्रावण शेजारीच हार बांधत होता. मोठा लोभसवाणा माणूस, कुणाला काही हवं असलं की आधी धावणारा. तो म्हणाला, “थांबा मावशी, थंड करतो.” त्यानं तोंडाच्या हीटरचं बटन खाली केलं, ओला फडका आणला आणि तबकडी पुन्हा पुन्हा पुसली, पार कोमट होईपर्यंत. मग वर्षालीकडे पाहून म्हणाला, “कुंकू लागलं का चालू करतोच.” वर्षालीनं मान हलवली. तिला तेव्हा फक्त सासूबाईंच्या बोटाची काळजी होती. पहिल्यांदाच आल्या, आणि आल्याआल्या बोट भाजून घेतलं, आता वर्षभर ऐकावं लागणार, असलंच काहीतरी तिच्या डोक्यात चाललं होतं.

हळद लागली, कुंकू लागलं. तबकडीच्या वर आनंदाबाईंनी नवा खण पसरला, तोंडाच्या वर दाब दाखवणारा गोल काटा होता तोही त्याखाली झाकला गेला. झेंडूचा जाड हार आला. आणि भैय्याजींनी श्रावणला पेढे आणायला जामला पिटाळलं. तो मोटरसायकलवर बसून गेलाही. हीटरचं बटन खालीच राहिलं.

मग भैय्याजींचं भाषण सुरू झालं. माइक हातात आला की भैय्याजींना आवरणं हे गुरुजींच्याही आवाक्यातलं नव्हतं. पऱ्हाटीचं सोनं कसं करायचं, जगात प्लास्टिकचं काय चाललंय, आपला जिल्हा कुठल्या कुठे जाणार, सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. कामगार आणि त्यांच्या घरची मंडळी मशीनच्या तोंडासमोर अर्धगोल करून उभी होती. बायका पुढे, बाप्ये मागे, पोरं कुठेही. त्यांच्या मागे सरळ रेषेत शेडचं मोठं शटर, ऊन लागू नये म्हणून निम्मं खाली ओढलेलं. बाहेर लख्ख ऊन. ऑक्टोबरचा उष्मा आणि आत मशीनची ऊब, सगळे घामानं निथळत होते. सगळ्यांच्या पुढे, तोंडापासून हातभर अंतरावर, आनंदाबाई ताट घेऊन उभ्या होत्या.

आरती सुरू झाली तेव्हा वर्षालीला वास आला.

आधी तिला वाटलं, उदबत्ती. मग वाटलं, कापूर. पण त्या दोन्ही वासांच्या खालून एक तिसराच वास येत होता, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा, आणि त्याला एक आंबूस झोंबरी धार होती. तिचे डोळे चुरचुरले. तिनं शेजारी पाहिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. कुणाला काहीच वाटत नव्हतं.

टाळ्यांच्या मधल्या फटीत तिला आवाज ऐकू आला. टिक्. मग थोड्या वेळानं पुन्हा टिक्. लोखंड ताणलं की जसं बोलतं तसं.

तिनं हीटरच्या पाटीकडे पाहिलं. मागचे सगळे दिवे लाल होते. पुढचा, तोंडाचा, विझलेला. मागचं, माल पडतो ते टोक तर नेहमीच पाण्यानं थंड ठेवलेलं असतं, तिथं प्लास्टिकचा गट्टू बसलेला. आता पुढेही गट्टू. दोन्ही बाजूंनी बूच मारलेलं, आणि मधे आतलं पीठ सकाळपासून भाजत होतं.

ती एक पाऊल पुढे झाली, नमस्कार करायला वाकावं तशी वाकली, आणि खणाचं टोक उचललं.

काटा लाल पट्टा ओलांडून पार शेवटच्या खिळ्याला जाऊन टेकला होता. तो हलतही नव्हता. त्याच्यापुढे जायला त्याला जागाच नव्हती.

वर्षालीनं खण पुन्हा होता तसा ठेवला. का ठेवला, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. आपण पाहिलंच नाही असं मशीनला वाटावं, असं काहीतरी तिला त्या घटकेला वाटलं असावं. अभिराम पलीकडच्या बाजूला मेन स्विचच्या पॅनलपाशी उभा होता, तिथून ही पाटी दिसत नव्हती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तो टाळी वाजवायचा थांबला आणि मशीनच्या मागून वळसा घालून तिच्याजवळ आला.

“काटा खिळ्याले लागला,” ती कुजबुजली.

“तोंड गरम आहे ना?”

“श्रावणभाऊनं बंद केलतं. भाजलं म्हनून. मी पाह्यलं होतं, मी इसरलो.”

अभिरामचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज त्यानं चढू दिला नाही. “ऐका, ताई. मी मेन स्विच ओढतो, म्हणजे हीटर बंद आणि भैय्याजींचं बटनही बंद. पण आतला दाब लगेच उतरायचा नाही. तो गट्टू कधीही सुटेल, आणि सुटला तर समोरचं काही ठेवणार नाही. ओरडू मात्र नका. ओरडलं तर सगळे शटरकडे धावतील. सरळ त्याच रेषेत.”

“मंग?”

“बाजूला काढा त्यांना. गोडाऊनच्या दारानं. कसंही करून.”

कसंही करून म्हणजे कसं? आरती शेवटाला आली होती. भैय्याजी बटनाच्या दिशेनं सरकत होते, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. आनंदाबाईंचा चेहरा कापराच्या उजेडात मशीनच्या तोंडासमोर गोल फिरणाऱ्या ताटाबरोबर हलत होता. वर्षालीला वाटलं, आपण इथून पळून जावं. खरंच वाटलं. पाय तयारही झाले होते. मग तिचं लक्ष लोकांच्या हातांकडे गेलं. आरती संपत आली म्हणून सगळ्यांचे हात पुढे यायला लागले होते, ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लावायला. ज्या बाजूला ताट, त्या बाजूला हात. ज्या बाजूला हात, त्या बाजूला माणूस.

ती पुढे गेली आणि सासूबाईंच्या हातातून ताट काढून घेतलं.

“अवं!” आनंदाबाई म्हणाल्या.

“पोत्याइले ओवाळाचं राह्यलं,” वर्षाली मोठ्यानं म्हणाली. आवाज चिरकला, तिनं तो पुन्हा धरला. “पऱ्हाटीच्या पोत्याइले. मालच नाई तं मशीन काय करंन? पहले तिकडं ओवाळू, मंग बटन. चला, सगळे चला, आरती तिकडंच भेटंन.”

गुरुजींनी असं काही कधी ऐकलं नव्हतं, पण त्यांना पुढच्या पूजेची घाई होती. त्यांनी मान डोलावली. भैय्याजींना तर कल्पना फारच आवडली. “वा! क्या बात है!” म्हणत तेही बटन सोडून वळले. त्यांची पाठ फिरताच अभिरामनं मेन स्विच ओढला. पंखे मंदावले, माइक मुका झाला. “गेली लाइन!” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

वर्षाली ताट घेऊन बाजूच्या दाराकडे चालू लागली. हळू चालायचं होतं. पळायचं नव्हतं. मागून माणसं येत होती, पोरांना ओढत, एकमेकींना कोपर मारत, ज्योतीकडे हात लांब करत. पंखे बंद झाल्यामुळे शेडमध्ये आता शांत होतं, आणि त्या शांततेत मागून तो आवाज आणखी स्पष्ट येत होता. टिक्. टिक्. आता तो लवकर लवकर येत होता. एक लहान पोरगी मधेच थांबून मशीनकडे पाहायला लागली, तेव्हा वर्षालीनं ताट तिच्या दिशेनं झुकवलं. “ये बाई, इकडं ये, पेढा देतो,” ती म्हणाली. जवळ पेढा नव्हता. पोरगी आली.

दार ओलांडलं. गोडाऊनमध्ये छतापर्यंत पोती रचलेली होती, मधे विटांची जाड भिंत. शेवटचा माणूस आत आल्यावर तिचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. हिरवं लुगडं नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. आनंदाबाई जागच्या हलल्या नव्हत्या. चारचौघांत सुनेनं हातातलं ताट ओढून घेतलं, याचा अपमान त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता. आपण आपली आरती पुरी करायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्यांनी विड्याच्या पानावर कापराची वडी ठेवली होती, ती पेटवली होती, आणि त्या मशीनच्या तोंडाला एकट्याच ओवाळत होत्या. ज्योत लहान होती म्हणून त्या आणखी पुढे झाल्या होत्या. चेहरा तबकडीपासून वीतभर होता.

“काकू, इकडे या!” पॅनलच्या बाजूनं अभिराम ओरडला. त्याचा आवाज फुटला होता. त्यांनी ऐकलं, आणि मानही वळवली नाही.

वर्षालीनं ताट गुरुजींच्या हातात कोंबलं. “कोनी बाहीर येऊ नका. कोनीच नाई,” एवढंच बोलून ती निघाली. जाताना तिला फार भीती वाटत होती. तिला सचिन आठवला नाही, देव आठवला नाही. तिला नुसतं तो खिळ्याला टेकलेला काटा दिसत होता. बाजूबाजूनं, हौदाच्या कडेकडेनं ती गेली. रेषेत जायची तिची हिंमत होईना.

“आत्याबाई, इकडं या. चला लवकर.”

“तू जा. तुह्या आरत्या कर.”

“आत्याबाई, मशीन फुटून राह्यली. पाया पडतो तुमच्या, चला.”

आनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सुनेनं चूक झाकायला बहाणा शोधला, असंच त्यांना वाटलं. “इतक्या दिवस मशीन गरीब होती,” त्या म्हणाल्या. “मी आलो तं फुटून राह्यली व्हय? मले सारं समजते बापा. आरती अर्धी टाकून मी येत नाई.”

टिक्, टिक्, टिक्. हाराखालून धुराची एक बारीक रेघ निघाली. झेंडूचं एक फूल काळं पडत गेलं.

वर्षाली रेषेत शिरली. तिनं सासूबाईंच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. लग्नानंतर पाया पडण्यापलीकडे तिनं त्यांना कधी हात लावला नव्हता. आनंदाबाईंचं अंग आयुष्यभर वावरात राबलेलं होतं, त्यांनी पाय रोवले. “सोड! सोड म्हंतो नं!” त्या ओरडत होत्या आणि हातातलं पेटलेलं पान सांभाळत होत्या. वर्षालीनं सगळा भार टाकून त्यांना बाजूला लोटलं. दोघी हौदाच्या लोखंडी चौकटीमागे कोसळल्या. पान कुठेतरी उडालं. आनंदाबाईंची बांगडी फुटली आणि त्यांनी सुनेला मारायला हात उगारला.

तो हात वरच राहिला.

आवाज असा झाला, की तो ऐकू आला असं म्हणता येणार नाही, तो अंगातून गेला. तोंडाची तबकडी बोल्टांसकट निघाली आणि शेडभर सरळ गेली. शटरला डोक्याएवढं भोक पडलं. तिच्या मागून काळा, उकळता राडा फवाऱ्यासारखा सुटला आणि सगळे लोक जिथं उभे होते त्या फरशीवर, चटईवर, फुटलेल्या नारळावर चरचरत पसरला. हार पेटला. डोळ्यांत, नाकात जळजळ शिरली. नंतर नुसती फुसफुस. मग तीही थांबली.

गोडाऊनमधून रडण्याचे, ओरडण्याचे आवाज येऊ लागले. अभिराम तोंडाला रुमाल बांधून धावत आला, त्या दोघींना त्यानं काखेत धरून मागच्या दारानं बाहेर काढलं, आणि मग बाजूला जाऊन ओकला. भैय्याजी एका पोत्यावर बसून राहिले होते. त्यांना पाणी दिलं तर त्यांनी ते नुसतं हातात धरलं. वर्षालीच्या टाचेवर एक थेंब उडाला होता, तेवढी जागा भाजली. आनंदाबाईंच्या लुगड्याचा काठ जळला. बाकी कुणाला ओरखडा नव्हता.

श्रावण पेढे घेऊन आला तेव्हा माणसं अंगणात बसलेली होती. काय झालं ते कळल्यावर त्यानं पेढ्यांचे डबे तिथंच मातीत ठेवले आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला. “माह्या हातून झालं. मावशीचं बोट भाजलं म्हनून मीच बंद केलं. माह्याच हातून झालं.” लोकांनी त्याचे हात धरले. आनंदाबाई आपल्या बोटाकडे पाहत राहिल्या. त्यावर अजून कुंकू होतं. त्या रडल्या नाहीत. घाबरल्यासारख्याही दिसत नव्हत्या. मरण आपल्या अंगावरून गेलं, हे त्यांच्या अजून लक्षात आलं नसावं.

धूर निवला, आतलं सगळं गार झालं, तेव्हा त्या आपली पिशवी घ्यायला म्हणून उठल्या. वर्षाली लंगडत त्यांच्यामागून आत गेली. अभिरामनं राड्यावर पाणी मारलं होतं, तो आता काळ्या खपलीसारखा फरशीवर बसला होता. फरशी हिरव्या रंगाची होती. आनंदाबाई मघाशी उभ्या होत्या तिथं येऊन थांबल्या. खपलीच्या कडेला, तोंडाच्या अगदी समोर, हिरवा रंग पार उडाला होता आणि खालचं सिमेंट दिसत होतं. दोन ठिकाणी, शेजारी शेजारी. पावलांएवढं.

“हे आत्ताच उडालं?” त्यांनी विचारलं.

“नाई. थे जुनं हाय.”

“काऊन घासलं इथंच?”

काहीतरी थाप मारावी, असं वर्षालीच्या मनात आलं. पण सकाळपासून ती इतकं काही बोलली होती की आता तिच्यात थाप मारायचंही बळ नव्हतं.

“मी उभी राह्यतो तिथं,” ती म्हणाली. “मशीन चालू केली का समोरूनच दोरे ओढा लागते.”

“रोज?”

“रोज.”

आनंदाबाईंनी अनवाणी पाऊल उचललं आणि त्या घासलेल्या जागी ठेवलं. मग दुसरं. तिथून त्यांनी मशीनच्या उघड्या, काळ्या भोकाकडे पाहिलं. मग मागे वळून शटरमधल्या भोकाकडे पाहिलं. त्यातून ऊन आत येत होतं. मघापासून कोरड्या असलेल्या त्या बाईला आता कापरं भरलं.

“मी तं आजच्याच दिवस उभी होतो वो,” त्या म्हणाल्या. “एकच दिवस.”

आणि त्या तिथंच, त्या राड्यात, ठेवणीतल्या लुगड्यानिशी खाली बसल्या. वर्षाली उठवायला वाकली, तर त्यांनी तिचा भाजलेला पाय घोट्याशी दोन्ही हातांनी घट्ट धरला. सासूनं सुनेचा पाय धरलेला पाहून दारात जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

“सोडा, आत्याबाई. लोकं पाहून राह्यले.”

“पाहू दे,” आनंदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाय सोडला नाही.